चौऱ्याण्णव टक्के प्रतिसाद

क्षिप्रा: ...आणि असे दारात काय उभे राहिलात काका? या ना आत. शाळा सुटलीये, वर्ग रिकामाच आहे. बाक जरा लहान पडेल तुम्हाला.

आजोबा: चालेल. आठवीच्या बाकावर बसायची मला हल्ली... म्हणजे बसतो. हे घ्या, बसलो.

क्षिप्रा: पाणी देऊ? तुम्ही घामाघूम झालात.

आजोबा: जिना चढलो म्हणून. बाई, एक विनंती आहे. जे काही बोलायचं ते मला बोला, मी ऐकून घेईन. पण आमच्या कादंबरीला शिक्षा करू नका. चूक तिची नाही.

क्षिप्रा: शिक्षा? अहो काका, तुम्हाला काय वाटलं? तक्रार करायला बोलावलंय? मी अभिनंदन करायला बोलावलंय!

आजोबा: कोणाचं?

क्षिप्रा: तुमच्या नातीचं! थांबा, फळ्यावर दाखवते. हा आपला स्मार्ट फळा. आणि हे ॲप, 'हजरजबाब'. मी शिकवत असताना दर थोड्या वेळाने मुलांच्या टॅबवर एक प्रश्न उमटतो. वीस सेकंदांत उत्तर दाबायचं. ज्याने दाबलं, त्याचं वर्तुळ माझ्याकडे हिरवं होतं. नाही दाबलं की लाल. मुलांना वाटलं तर ती प्रश्नही टाइप करू शकतात. कळतंय ना?

आजोबा: कळतंय. टोपणनावं असतात आणि खाली गुणांची क्रमवारी येते.

क्षिप्रा: करेक्ट. कादंबरी घरी सगळं सांगते वाटतं. तर हा बघा जूनचा आलेख. सगळं लालभडक. आणि हा आत्ताचा, डिसेंबरचा. आठवी ब, भूगोल. प्रतिसाद चौऱ्याण्णव टक्के! अख्ख्या शाळेत कोणाचा नाही. आणि यादीत सगळ्यात वर कोण? धूमकेतू. आपली कादंबरी.

आजोबा: दुसरा रॉकेट आहे.

क्षिप्रा: हो, सर्वेश. हुशार मुलगा.

आजोबा: गेल्या मंगळवारी पुढे गेला होता. ढगांच्या प्रकारांमध्ये. अर्ध्या सेकंदात उत्तर दाबतो, वाचतो तरी का कोण जाणे. पण बुधवारी टाकला त्याला मागे.

क्षिप्रा: टाकला?

आजोबा: टाकला म्हणजे... तिने. कादंबरीने.

क्षिप्रा: किती बारकाईने लक्ष ठेवता हो तुम्ही! असं घर हवं. बरं, मुद्द्याचं ऐका. येत्या शनिवारी ठाण्यात मोठा कार्यक्रम आहे. या ॲपच्या कंपनीचा. सौमित्र सर म्हणून आहेत त्यांचे, आम्हाला ट्रेनिंग द्यायला तेच येतात. त्यांनी डेमोसाठी आपला वर्ग निवडलाय. ठाणे-कल्याणच्या सगळ्या शाळांसमोर. आणि स्टेजवर मध्यभागी कादंबरी.

आजोबा: स्टेजवर? एकटी?

क्षिप्रा: पाच जण आहेत. पण स्टार तीच. आपले ट्रस्टीसुद्धा येणारेत. काका, तुम्हाला घरातलं समजून सांगते. मी इथे तीन वर्षं तात्पुरती आहे. दर एप्रिलला 'बघू' म्हणतात आणि जूनला परत तीच ऑर्डर हातात देतात. या वेळी सरोज मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, स्वतः म्हणाल्या, शनिवार नीट पार पडू दे, तुझं काम होतंय.

आजोबा: अरे देवा.

क्षिप्रा: काय झालं?

आजोबा: काही नाही. बोला तुम्ही.

क्षिप्रा: काय बोलू? जूनमध्ये मी रडलेले ह्या टेबलावर डोकं ठेवून. जेवढं म्हणून ट्रेनिंगमध्ये सांगितलं तेवढं सगळं करून बघितलेलं. गट पाडले, रंगीत कार्डं वाटली, नद्यांवर गाणं बसवलं, तास सुरू होताना टोपीतून चिठ्ठी काढायची, ते पण केलं. पोरं टोपी घालून फोटो काढायची. आणि मग ऑगस्ट-सप्टेंबरपासून काय जादू झाली माहीत नाही. एकेक वर्तुळ हिरवं व्हायला लागलं. काय एकेक प्रश्न यायला लागले! त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं. म्हटलं, आई, मला आता शिकवता येतंय.

आजोबा: बाई.

क्षिप्रा: हं?

आजोबा: हा फळा बंद करता का जरा? तो हिरवा रंग डोळ्यांवर येतोय.

क्षिप्रा: केला. बोला ना.

आजोबा: धूमकेतू मी आहे.

क्षिप्रा: म्हणजे टोपणनाव तुम्ही ठेवलंत?

आजोबा: नाव मीच ठेवलं. आणि उत्तरंही मीच देतो. ऑगस्टमध्ये कादंबरीला कावीळ झाली होती, आठवतंय? तेव्हा आजारी मुलांसाठी तुम्ही ते घरबसल्या तास बघायचं चालू करून दिलंत. माझ्या मोबाइलवर तिचं खातं टाकलं. तुम्ही बोलायचात, ती अंथरुणात पडून ऐकता ऐकता झोपायची आणि प्रश्न वाया जायचे. मला ते बघवेना. मी दाबायला लागलो.

क्षिप्रा: ते ठीक आहे ना. पण ती गणपतीनंतर शाळेत आली की.

आजोबा: ती आली. खातं माझ्या मोबाइलवर राहिलं. अकरा वाजले की फोन टुणकन वाजतो, भूगोलाचा तास सुरू. तिच्यासमोर टॅब असतो, माझ्यासमोर मोबाइल. खातं एकच. जो आधी दाबेल त्याचं उत्तर.

क्षिप्रा: आणि तुम्ही आधी दाबता.

आजोबा: मी वागळे इस्टेटमध्ये व्हॉल्व्हच्या कारखान्यात तपासणी विभागात होतो, बाई. समोर आलेली वस्तू न तपासता पुढे जाऊ द्यायची नाही, ही हाताला लागलेली सवय आहे.

क्षिप्रा: म्हणजे परवाचा तो प्रश्न... बंद खोलीत ओले कपडे वाळत घातले तर एका क्षणी ते वाळायचे थांबतील का...

आजोबा: माझा. घरी दोरी खोलीतच आहे.

क्षिप्रा: मी तो आठवी क मध्ये वाचून दाखवला हो! म्हटलं, लाजा वाटू द्या, तुमच्याच वयाची मुलगी आहे ही!

आजोबा: वयाचा उल्लेख मी कुठेही केलेला नव्हता.

क्षिप्रा: काका, तुम्हाला हे विनोदी वाटतंय?

आजोबा: नाही. अजिबात नाही. तुम्हाला राग आला तो रास्त आहे. पण मुलगा-सून आठला बाहेर पडतात, कादंबरी दहाला. तिची आजी होती तोवर बरं होतं. आता त्या वेळेला आमच्या घरात कुकरशिवाय कोणी बोलत नाही. तुम्ही 'गुड मॉर्निंग आठवी ब' म्हणता ना, मी उत्तर देतो. मोठ्याने देतो. शेजाऱ्यांना वाटतं माझ्याकडे शिकवणी आहे.

क्षिप्रा: कादंबरी कुठेय?

आजोबा: बाहेर पायरीवर बसवलंय. दप्तर घेऊन.

क्षिप्रा: कादंबरी! आत ये जरा.

कादंबरी: आले टीचर. आजोबा, बोललात ना तुम्ही? मी म्हटलेलं, आधी ऐकून तर घ्या काय म्हणतायत. तुम्ही ना, स्वतःहून फुटता.

क्षिप्रा: फुटता? वा. किती दिवस चाललंय हे?

कादंबरी: टीचर, सॉरी. म्हणजे खरंच सॉरी. मी बंद करणार होते. पण आजोबा संध्याकाळी विचारायचे, आज कितवा आलो? मग कसं बंद करणार?

क्षिप्रा: अगं, पण तुला एकदाही वाटलं नाही की टीचरला सांगावं? मी तुझ्याकडे बघून सबंध वर्गाला सांगायचे, असं लक्ष द्यायचं असतं! तू मान डोलवायचीस!

कादंबरी: तुम्ही एवढ्या खूश दिसायचात ना. आणि फक्त मीच नाहीये, टीचर.

क्षिप्रा: म्हणजे?

कादंबरी: लोचा झाला ना थोडा. मी मितेशला सांगितलं, तर त्याने पण आजारी असल्याचा मेसेज टाकून घरबसल्यावालं चालू करून घेतलं. त्याची मामी विठ्ठलवाडीला असते. ती दाबते. मग मितेशने अजून कोणाला तरी सांगितलं.

क्षिप्रा: किती जण?

कादंबरी: नावं नाही सांगणार. चुगली नाही करत मी.

क्षिप्रा: नावं नको. अंदाज दे.

कादंबरी: अर्धा वर्ग नाही. पण अर्ध्याच्या जवळपास. कोणाची आत्या, कोणाची आई. एकाचा दादा नोकरी शोधतोय, तो.

क्षिप्रा: अरे बापरे. म्हणजे गेले तीन महिने मी कल्याण-डोंबिवलीतल्या काकू-मामींना भूगोल शिकवतेय.

कादंबरी: त्यांना आवडतो पण. मितेशची मामी म्हणते, मस्त टाइमपास होतो.

आजोबा: एक मिनिट. आणि रॉकेट?

कादंबरी: सर्वेश? त्याची आजी. विमलाबाई. ठाकुर्लीला असतात.

आजोबा: आजी? अर्ध्या सेकंदात उत्तर देणारी आजी?

कादंबरी: पोस्टात होत्या त्या. पत्रं सॉर्ट करायच्या. फास्ट आहे एकदम हात.

आजोबा: मी त्या मुलाला काय काय मनात बोललो असेन!

क्षिप्रा: काका, तुमचं ते नंतर. कादंबरी, मला एक सांग. खरं सांग, मी ओरडणार नाही. टॅबवरची उत्तरं घरून येतात, तर मग तुम्ही सगळे वर्गात काय करता?

कादंबरी: मितेश झोपतो.

क्षिप्रा: झोपतो?

कादंबरी: तो आधीपण झोपायचा टीचर. आता हिरवा होऊन झोपतो.

क्षिप्रा: आणि तू?

कादंबरी: मी चित्रं काढते. कधी कधी ऐकते. तुम्ही ते चपलेचं सांगितलेलं ना, तेव्हा ऐकलं.

क्षिप्रा: कुठल्या चपलेचं?

कादंबरी: तुम्ही लहानपणी रेवसच्या लाँचमध्ये होतात नि तुमची एक चप्पल पाण्यात पडली. तुमची आई ओरडली, आणि तुम्ही म्हणालात की मी अजून विचार करते, ती आत्ता कुठे पोचली असेल. मग नकाशात दाखवलेलं, कुठला प्रवाह कुठे नेईल. ते भारी होतं. मी घरी जाऊन परत बघितलं नकाशात.

क्षिप्रा: ते मी असंच सांगितलेलं. सिलॅबसमध्ये पण नव्हतं. आणि मध्येच ॲपचा प्रश्न आला, सागरी प्रवाहांचे प्रकार किती.

कादंबरी: हां, तो आजोबांनी दाबला. म्हणून मला बघावा नाही लागला ना. नायतर चप्पल अर्धीच राहिली असती.

आजोबा: चपलेचं मी हुकवलं. प्रश्नाचे पर्याय वाचत होतो.

क्षिप्रा: बरं. ऐका दोघं. मी उद्या सकाळी सरोज मॅडमना सगळं सांगणार.

कादंबरी: टीचर, नको ना! शनिवारनंतर सांगा. तुमचं परमनंटचं आहे ना? सगळ्यांना माहितीये वर्गात.

क्षिप्रा: सगळ्यांना?

आजोबा: बाई, मी येतो तुमच्याबरोबर. मी सांगतो त्यांना. खातं बंद करा माझं, हवं तर लेखी माफी देतो. तुमच्यावर काही येता कामा नये.

क्षिप्रा: तुम्ही काही येऊ नका. माझा वर्ग आहे, मी सांगेन. आणि शनिवारी मॅडम काहीही म्हणाल्या तरी माझ्या दोन अटी. काका, तुमचा मोबाइल माझ्या पर्समध्ये राहील. आणि कादंबरी, तू स्वतःचं उत्तर स्वतः दाबायचंस.

आजोबा: आणि चुकली तर?

क्षिप्रा: चुकू दे.

आजोबा: सगळ्यांसमोर?

कादंबरी: आजोबा, मला विचारतायत त्या. चालेल टीचर. चुकते मी.

(शनिवार, संध्याकाळ. ठाण्यात सभागृहाच्या बाहेरच्या पायऱ्या. कार्यक्रम संपलाय, शाळेची बस अजून लागायची आहे.)

आजोबा: आलात? मला आतून टाळ्या ऐकू आल्या. दोनदा. पहिल्या बऱ्यापैकी, दुसऱ्या तर छत पडेल अशा. पण मधे एकदम शांतता. मला वाटलं, वीज गेली.

कादंबरी: तुम्ही इथे काय करताय? तिसऱ्या रांगेत जागा ठेवलेली तुमच्यासाठी.

आजोबा: पडद्यावर प्रश्न आला असता आणि माझ्या तोंडून उत्तर निघालं असतं. स्वतःची खात्री नव्हती. म्हणून बाहेर येऊन बसलो. बरं झालं की वाईट झालं, तेवढं एका शब्दात सांगा.

क्षिप्रा: एका शब्दात नाही सांगता येणार काका. सरका जरा. मला पण बसू दे.

आजोबा: सरोज मॅडमना सांगितलं होतंत ना?

क्षिप्रा: दुसऱ्याच दिवशी सकाळी. सगळं, मामी-आत्यासकट. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला, माझ्या कपात साखर घातली आणि म्हणाल्या, क्षिप्रा, हे तू मला सोमवारी सांगितलंस असं आपण समजू. म्हटलं, मॅडम, आज गुरुवार आहे. तर म्हणाल्या, तेच तर म्हणतेय.

आजोबा: बरोबर. आमच्याकडेही माल गेल्यावरच दोष सापडायचे.

क्षिप्रा: तर आज स्टेजवर पाच खुर्च्या. सर्वेशला सकाळपासून ताप, तो आलाच नाही. पण सौमित्र सर म्हणाले, खुर्ची राहू दे, त्याचा टॅब पण राहू दे, रिकामी जागा दिसायला बरी नाही दिसत. आणि पहिलाच प्रश्न. थंड आणि उष्ण प्रवाह जिथे एकत्र येतात तिथे काय तयार होतं?

आजोबा: धुकं! दाट धुकं. आणि मासेही भरपूर, कारण...

कादंबरी: मी भरती दाबलं.

आजोबा: भरती? अगं, भरतीचा चंद्राशी...

कादंबरी: माहितीये आजोबा. दाबल्यावर कळलं. एवढ्या मोठ्या पडद्यावर माझं नाव लाल झालं. पूर्ण हॉल बघतोय. मला वाटलं आता वाट लागली. पण काही नाही झालं. नुसतं लाल.

क्षिप्रा: सौमित्र सरांचा चेहरा बघायला हवा होता. स्टारच लाल! ते काहीतरी बोलून सावरणार, तेवढ्यात रिकाम्या खुर्चीवरचा टॅब वाजला. रॉकेट, बरोबर.

आजोबा: विमलाबाई!

क्षिप्रा: डेमोसाठी आपल्याच वर्गाचा तास लावलेला, त्यामुळे प्रश्न घरीही गेले. मी सगळा विचार केला, तुमचा मोबाइल पर्समध्ये टाकला आणि ठाकुर्लीला एक फोन करायचा राहिला.

आजोबा: मग?

कादंबरी: मग सौमित्र सर एकदम हवेत. म्हणे, बघा, हा विद्यार्थी आज तापाने फणफणलाय, तरी घरून शिकतोय, याला म्हणतात प्रतिसाद! सगळे टाळ्या. ट्रस्टी पण. दुसरा प्रश्न, रॉकेट बरोबर. तिसरा, रॉकेट बरोबर. आम्ही चौघं स्टेजवर बसलोय नि जिंकतेय खुर्ची.

आजोबा: ह्या झाल्या पहिल्या टाळ्या. मग शांतता कसली?

क्षिप्रा: तुमच्या नातीने हात वर केला.

आजोबा: प्रश्न विचारायला?

क्षिप्रा: सरांनाही तेच वाटलं. माईक दिला तिच्या हातात. आणि ही म्हणते, सर, तो सर्वेश नाहीये. ती त्याची आजी आहे. सर्वेश झोपलाय.

आजोबा: माईकवर?

कादंबरी: हो. आणि मग म्हटलं, धूमकेतू पण मी नाहीये, माझे आजोबा आहेत. ते बाहेर बसलेत.

आजोबा: अगं, मी बाहेर बसलोय हे तुला माहीत होतं?

कादंबरी: तिसऱ्या रांगेत नव्हतात म्हणजे कुठे असणार?

क्षिप्रा: काका, हॉलमध्ये अशी शांतता की पंख्याचा आवाज यायला लागला. सरोज मॅडमनी डोळे मिटलेले. मी मनात म्हटलं, चला, सोमवारपासून क्लासेसमध्ये अर्ज टाकायला सुरुवात. सौमित्र सर एकदा पडद्याकडे बघतात, एकदा हिच्याकडे. मग त्यांनी माईक परत घेतला, हसले आणि म्हणाले, मित्रहो, आपण आज काय पाहिलं? आपण पाहिला पालक-सहभाग!

आजोबा: काय पाहिला?

क्षिप्रा: पालक-सहभाग. म्हणे, आजवर आपण मुलांना वर्गात गुंतवायचं बघत होतो, आठवी ब ने आख्खं घर गुंतवलं. एक वर्ग, तीन पिढ्या! आणि ज्या टाळ्या पडल्या...

आजोबा: त्या दुसऱ्या.

क्षिप्रा: ट्रस्टी उभे राहिले. आपल्या शाळेला ढाल मिळाली. कशाची, तर पालक-सहभागाची. त्यांच्याकडे बहुतेक दुसऱ्या कोणासाठी तरी आणलेली होती, नाव मार्करने लिहिलं. सरोज मॅडमनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, मला पहिल्यापासून कल्पना होती.

आजोबा: आणि तुमचं? नोकरीचं?

क्षिप्रा: झालं. जूनपासून कायम. ट्रस्टींनी तिथेच सांगून टाकलं. आणि जानेवारीपासून मी ठाण्यातल्या इतर शाळांतल्या शिक्षकांना ट्रेनिंग द्यायचं, घरातल्या माणसांना वर्गात कसं गुंतवावं.

आजोबा: तुम्ही काय म्हणालात?

क्षिप्रा: नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो बाहेर आलं. तीन वर्षं वाट बघितलीये, काका.

आजोबा: अहो, योग्य केलंत. अभिनंदन. खरोखर.

क्षिप्रा: तुमच्यासाठी पण आहे निरोप. हा मोबाइल घ्या तुमचा. सौमित्र सरांना तुमचा फोटो हवाय, माहितीपत्रकावर छापायला. धूमकेतू आजोबा म्हणून. आणि पुढच्या महिन्यात आजी-आजोबांना स्वतंत्र खातं देणारेत. स्वतःचं नाव, स्वतःची हजेरी, स्वतःची टक्केवारी.

आजोबा: हजेरी? म्हणजे मी एखाद दिवशी बँकेत गेलो तर लाल दिसणार?

क्षिप्रा: दिसणार.

आजोबा: नको. आयुष्यभर गेटवर कार्ड पंच केलं, आता नाही. मी आपला चोरून बसत होतो ते बरं होतं.

कादंबरी: विमलाबाई पण तेच म्हणाल्या. टीचरनी आत्ता फोन केलेला त्यांना.

आजोबा: काय म्हणाल्या?

क्षिप्रा: म्हणाल्या, प्रश्न फार सोपे काढता तुम्ही. आणि विचारत होत्या, तो धूमकेतू आज का आला नाही? बरा आहे ना?

आजोबा: असं विचारलं? तुम्ही काय सांगितलंत?

क्षिप्रा: म्हटलं, बरे आहेत. पायरीवर बसलेत.

कादंबरी: आजोबा लाजले!

आजोबा: काहीतरीच. ऊन लागलंय मला. बस कुठे राहिली?

क्षिप्रा: येईल. काका, एक विचारू? आज आत एवढ्या लोकांनी माझं कौतुक केलं, पण त्यातल्या एकानेही माझा तास ऐकलेला नाही. तुम्ही ऑगस्टपासून रोज ऐकलाय. मला सांगा, मला शिकवता येतं का?

आजोबा: शब्द निवडून सांगू की सरळ?

क्षिप्रा: सरळ.

आजोबा: विषय येतो तुम्हाला. आवाज चांगला आहे. चित्र डोळ्यांसमोर उभं करता. पण तुम्ही थांबत नाही.

क्षिप्रा: थांबत नाही म्हणजे?

आजोबा: प्रश्न विचारता आणि पुढचा श्वास घ्यायच्या आत स्वतःच उत्तर देऊन टाकता. एवढं कशाला, ते ॲप वीस सेकंद देतं, त्या वीस सेकंदांतही तुम्ही 'चला, चला, पटकन' म्हणत असता. मोबाइलवर मला सगळं ऐकू यायचं. समोरचा गप्प आहे म्हणजे त्याला येत नाही, असं तुम्हाला वाटतं. तो कधी कधी नुसता शोधत असतो.

क्षिप्रा: भीती वाटते हो. वर्ग गप्प झाला की मीच बोलून टाकते. वाटतं, संपलं, झोपले सगळे.

कादंबरी: आजोबा पण तसेच आहेत, टीचर. आई मला विचारते भाजी कशी झालीये, हे सांगतात, तिला आवडली.

आजोबा: असं मी करतो?

कादंबरी: रोज.

क्षिप्रा: बरं कादंबरी, मग तूच सांग. तुला कोणी काही विचारलेलं नव्हतं. सगळं छान चाललेलं. गप्प बसली असतीस तरी कोणाला कळलं नसतं. मग हात का वर केलास?

कादंबरी: काय माहीत.

आजोबा: सत्य बोलावं हे घरातले संस्कार आहेत, तिच्या आजीने लहानपणापासून...

क्षिप्रा: काका. तिला विचारलंय.

आजोबा: हो. चुकलो.

कादंबरी: असंच केला टीचर.

क्षिप्रा: असू दे. मला घाई नाहीये.

आजोबा: बस आली वाटतं...

क्षिप्रा: ती दुसरी आहे. थांबा ना.

कादंबरी: ...सगळे टाळ्या वाजवत होते ना, त्या खुर्चीसाठी. मी स्टेजवरून बघितलं. तुम्ही नव्हता वाजवत.